खान्देशातून समुद्राकडे : सागरी जीवशास्त्राची कोणती अभ्याससहल निवडावी?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. आपल्याकडे प्राणिशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला तारामासा, समुद्रकाकडी आणि प्रवाळ पहिल्यांदा भेटतात ते फॉर्मॅलिनच्या बरणीत, रंग उडालेल्या अवस्थेत. आणि घरच्यांचा समुद्राशी संबंध असलाच, तर तो आठवडेबाजारातल्या सुकट-बोंबलापुरता असतो. म्हणूनच सागरी जीवशास्त्र व संवर्धन या विषयांवर विद्यापीठे आणि महाविद्यालये प्रवासासह जे अभ्यासक्रम चालवतात, त्यांपैकी एखादाच करण्याची ऐपत आणि सवड ज्याला आहे, त्याने तो विचारपूर्वक निवडायला हवा. बरीच वर्षे हा विषय शिकवल्यानंतर आणि मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेल्यानंतर माझी जी मते बनली, ती येथे तुलनेच्या रूपाने मांडतो.

पालक आधी खर्च विचारतात, विद्यार्थी आधी छायाचित्रे पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न भरती-ओहोटीचा आहे. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधला पट्टा जितका मोठा, तितके सागरी जीवन पायी चालत, वाकून, हाताच्या अंतरावरून पाहता येते, आणि ज्याला पोहता येत नाही त्यालाही ते पाहता येते. आमच्या पहिल्याच सहलीत आयोजकांनी तारखा ठरवल्या त्या केवळ सुट्ट्या पाहून. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा भरती होती, आणि ज्या खडकांसाठी रात्रभर प्रवास केला ते पाण्याखाली होते. कोकणातले जुने जाणते तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला साधारण अकरा-बारा, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत दूर ओसरते आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ते फारसे हटत नाही. ज्या अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात तारखेशेजारी ओहोटीची वेळ लिहिलेली नाही, तो अभ्यासक्रम जीवशास्त्राचा म्हणून मी धरत नाही.

या कसोटीवर खान्देशातल्या पदवीच्या विद्यार्थ्यासाठी कच्छच्या आखाताची सहल मला सर्वांत उजवी वाटते. जामनगरचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली घोषित झाले आणि ते देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे उधाणाच्या काळात पाणी काही मीटर खाली जाते, आणि जामनगरपासून सुमारे साठ किलोमीटरवरच्या नरारा येथे वनविभागाची परवानगी घेऊन, माहितगारासोबत, घोटाभर-गुडघाभर पाण्यातून प्रवाळाच्या कट्ट्यावर चालत जाता येते. समुद्रपुष्पे (सी ॲनिमोन), खेकडे, समुद्रकाकड्या, नशीब असेल तर ऑक्टोपस, आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी हे सगळे एका ओहोटीत दिसू शकते. पिरोटन बेटावर जायचे तर होडीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे तेथे वेळापत्रक समुद्र ठरवतो हे मुलांना आपोआप कळते. आखाताचे पाणी गढूळ असते, त्यामुळे पाण्याखालच्या रंगीत छायाचित्रांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याचा विरस होतो. परंतु इतक्या गाळातही प्रवाळ तग धरून कसे राहते, हा प्रश्न नितळ पाण्यात सुचतच नाही. शिवाय किनाऱ्यालगतच तेलशुद्धीकरण कारखाने आणि धक्के आहेत. संवर्धन म्हणजे निर्मनुष्य बेटावरची शांतता नव्हे, हे नराऱ्याच्या कट्ट्यावर उभे राहून मान वर केली तरी दिसते.

आपल्या दृष्टीने दोन गोष्टी आणखी जमेच्या आहेत. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार ही सारी स्थानके सुरतच्या लोहमार्गावर आहेत, आणि सुरतेहून अहमदाबाद, राजकोट करत जामनगर गाठता येते. दुसरे असे की, नंदुरबार-नवापूरकडच्या मुलांना गुजराती येते आणि ज्याची घरची बोली अहिराणी आहे त्यालाही ती दोन दिवसांत समजू लागते. मच्छीमारांशी, वनरक्षकांशी दुभाष्याविना बोलता येणे ही संवर्धनाच्या अभ्यासात फार मोठी सोय आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाळ्यात अडकलेला देवमुशी मासा, म्हणजे व्हेल शार्क, मच्छीमार स्वतःचे जाळे कापून सोडून देतात. २००४ साली सुरू झालेल्या मोहिमेत रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, तेव्हापासून ही वृत्ती रुजली. कायद्याने संरक्षण २००१ सालीच मिळाले होते, पण कायदा लोकांच्या मनात कसा उतरतो हे ऐकायचे असेल तर त्यांच्याच भाषेत ऐकावे.

कोकणची सहल याच्या जवळपास येते, आणि ज्याचा ओढा जीवशास्त्रापेक्षा संवर्धनाकडे अधिक आहे त्याने मी तर कोकणच निवडावे असे म्हणेन. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले; क्षेत्र जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यात. हे अभयारण्य पारंपरिक मच्छीमारांना का नको होते, रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे) आणि पर्ससीनवाले (यांत्रिक नौकेवरून मोठे जाळे टाकून अख्खा थवा घेरणारे) यांच्यातला वाद काय आहे, २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध का घातले, हे सगळे मराठीत विचारता येते आणि मराठीत उत्तर मिळते. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षणही मिळते. भरती-ओहोटीतला फरक मात्र कच्छच्या मानाने बराच कमी, त्यामुळे पायी दिसणारे थोडे आणि स्नॉर्केलिंग करून, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत, दिसणारे अधिक. पोहता न येणारी मुले होडीत बसून राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्याचे वाईट वाटते.

रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे गाव या सहलीला जोडलेले असेल तर तिचे मोल वाढते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी खाण्यासाठी उचलली जात, त्यांच्याभोवती गावाने कुंपण घातले आणि पिल्ले पाहायला येणाऱ्यांना आपल्या घरात उतरवले. वाळू किती तापते यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, त्यामुळे हवामानबदलाचा धडा तेथे वाळूत थर्मामीटर खोचून शिकवता येतो. अडचण एकच : पिल्ले बाहेर पडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आणि तेव्हा आपल्याकडे परीक्षांचे दिवस असतात.

तमिळनाडूतल्या मन्नारच्या आखाताचा अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्याने पाहावा. येथील राष्ट्रीय उद्यान १९८६ चे, त्यात मुळातली एकवीस बेटे. पैकी दोन बुडाली, आणि त्याचे एक कारण पूर्वी झालेले प्रवाळाचे उत्खनन हे आहे. शेजारच्या पाल्कच्या उपसागरात २०२२ साली डुगाँग या गवत खाणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यासाठी देशातले पहिले संवर्धन क्षेत्र घोषित झाले, ते सागरी गवताच्या कुरणांमुळे. मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे. १९४७ साली सुरू झालेल्या या संस्थेचे मुख्यालय पूर्वी तेथेच होते. परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्राचे प्रगत अध्ययन केंद्र आहे. प्रयोगशाळेचा इतका अनुभव अन्य सहलीत मिळणे कठीण. तथापि भरती-ओहोटी तेथे अगदी किरकोळ, भाषा परकी आणि प्रवास लांबचा. दिवाळीच्या सुट्टीत जावे तर ईशान्य मोसमी पाऊस, आणि मेच्या सुट्टीत जावे तर १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्यामुळे बंदर रिकामे. जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे.

अंदमानबद्दल थोडक्यात सांगतो. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ चे आहे, पाणी नितळ आहे आणि प्रवाळ पाहायचे तर देशात याहून सुंदर जागा थोड्या. पण विमानभाड्यातच निम्मे पैसे जातात, आणि चार-पाच दिवसांत पाहणे होते, मोजणे होत नाही. पुद्दुचेरी विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग तेथेच आहे. त्यामुळे ज्याला या विषयात पुढे जायचेच आहे त्याने सहलीऐवजी तेथील प्रवेशाचा विचार करावा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाचे हेरॉन बेटावर आणि जेम्स कुक विद्यापीठाचे ऑर्फियस बेटावर संशोधन केंद्र आहे. शिष्यवृत्ती हाती असल्याखेरीज त्यासाठी घरच्यांना शेत गहाण ठेवायला लावू नये.

कोणताही अभ्यासक्रम निवडला तरी पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना काही गोष्टी लेखी विचाराव्यात. श्रेयांक (क्रेडिट) मिळणार का, आणि मिळणार असतील तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी लागणारे तीस तास प्रत्यक्ष किनाऱ्यावर भरतात की बसच्या प्रवासात? वीस मुलांमागे शिक्षक किती? मुलींच्या निवासाची व्यवस्था आणि लाइफ जॅकेट यांचे काय? आणि विशेषतः, विभागाच्या संग्रहालयासाठी नमुने गोळा करण्याचा बेत आहे का? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रकाकड्या आहेत. वाळूत पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे हाही गुन्हाच ठरतो. जे आयोजक या प्रश्नावर गोंधळतात त्यांच्यासोबत मुलांना पाठवू नये.

निघण्याआधी एक तयारी घरीच करता येते, आणि मी ती प्रत्येक तुकडीकडून करून घेत असे. बांबूच्या चार काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट बांधावी, पाणी ओसरलेल्या गिरणेच्या किंवा तापीच्या काठावर ती दहा ठिकाणी टाकावी, आणि आत सापडलेले शंख-शिंपले, किडे, शेवाळ वहीत मोजून लिहावे. नराऱ्याच्या कट्ट्यावर ओहोटी दोन-अडीच तासांचाच अवकाश देते. चौकट कशी टाकायची हे तेथे शिकत बसलात तर तेवढ्यात पाणी परत येते.