जेनेरिक शिकवायचं कसं: कॅल्क्युलेटर घेऊन की काउंटरवर उभं राहून?

फार्मसीच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो. जेनेरिक औषध मूळ ब्रँडच्या तोडीचं असतं का? "हो सर," आणि पाठोपाठ व्याख्या घडाघडा येते: तोच औषधी घटक, तीच मात्रा, तोच डोसेज फॉर्म (गोळी, कॅप्सूल वगैरे), शरीरात जाण्याचा तोच मार्ग. मग दुसरा प्रश्न. आईची रक्तदाबाची गोळी संपली आहे, समोर ब्रँडही आहे आणि जेनेरिकही, काय घेशील? आत्ताच व्याख्या म्हणून दाखवणारा मुलगा चाचरतो. "आईसाठी म्हणजे... ब्रँडच घेईन, सर."

फार्मसीच्या वर्गाला जेनेरिक शिकवायला चार-सहा तास मिळाले, तर ते कुठे घालवायचे, हा प्रश्न या दोन उत्तरांमधून येतो. एक वाट आकड्यांची: जैवसमतुल्यता, म्हणजे बायोइक्विव्हलन्स (दोन्ही गोळ्यांतून औषध रक्तात सारखंच पोचतं का), नीट समजावायची. दुसरी काउंटरची: जोड्या पाडायच्या, एकानं रुग्ण व्हायचं, एकानं फार्मासिस्ट, आणि गोळीचा रंग बदलला म्हणून तक्रार करणाऱ्याशी बोलायला शिकवायचं. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. माझा कल आकड्यांकडे आहे, पण आकडे ज्या पद्धतीनं सर्रास शिकवले जातात त्या पद्धतीकडे अजिबात नाही.

80 ते 125 चा घोळ

"जेनेरिकमध्ये औषध 20 टक्के कमी किंवा 25 टक्के जास्त असू शकतं." हे वाक्य शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षकही म्हणतात. ते चूक आहे, आणि विद्यार्थ्यांच्या मनातल्या निम्म्या शंका याच एका वाक्यातून उगवतात असं माझं मत आहे. गोळीत घटक किती असावा याची मर्यादा वेगळी असते, ती बरीच आवळलेली असते. 80 ते 125 हा आकडा रक्तातल्या पातळीबद्दल आहे. निरोगी स्वयंसेवकांना मूळ आणि जेनेरिक अशा दोन्ही गोळ्या मध्ये खंड ठेवून आलटून पालटून देतात आणि एयूसी (रक्तात एकूण किती औषध पोचलं) व सी-मॅक्स (रक्तातली सर्वांत वरची पातळी) मोजतात. मग दोन्हींच्या सरासरीचं गुणोत्तर काढून त्याचा 90 टक्क्यांचा विश्वासांतराळ (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असण्याची खात्री धरता येते तो पट्टा) काढतात. तो अख्खा अंतराळ 80.00 ते 125.00 च्या आत बसावा लागतो. सगळं गणित लॉगवर, म्हणजे लॉगरिदमवर, चालतं आणि 1 भागिले 0.8 म्हणजे 1.25, म्हणून वरची मर्यादा 120 नसून 125.

हे फळ्यावर लिहून भागत नाही. मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर द्या. 24 स्वयंसेवक धरा, एकाच माणसातला चढउतार 25 टक्के धरा. सरासरी गुणोत्तर 95 टक्के आलं तर अंतराळ साधारण 84 ते 107 येतो: पास. आता फक्त गुणोत्तर 90 करा. अंतराळ 79.7 ते 101.7 वर जातो: नापास! वर्गात इथे हमखास चुळबुळ होते. ज्यांना 20 टक्के फरक चालतो असं वाटत होतं, त्यांच्याच हातून 10 टक्क्यांच्या फरकावर औषध नाकारलं गेलेलं असतं.

त्यानंतर खरी आकडेवारी दाखवली की ती मनात रुतते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, आपल्याकडे 12 वर्षांत आलेल्या 2,070 जैवसमतुल्यता अभ्यासांचा आढावा 2009 मध्ये प्रसिद्ध केला. मंजूर झालेली जेनेरिक आणि मूळ औषधं यांच्यातला सरासरी फरक एयूसीत 3.56 टक्के आणि सी-मॅक्समध्ये 4.35 टक्के होता. हाच आकडा गणिताआधी सांगितला तर मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.

काउंटरची बाजू

मग आईसाठी ब्रँड का? कारण ती भीती टक्क्यांच्या भाषेत नसतेच. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सगळ्यांना एकच नकली, म्हणजे आत औषधच नसलेली, गोळी दिली होती. काहींना सांगितलं की गोळीची किंमत अडीच डॉलर आहे, काहींना सांगितलं की ती 10 सेंटवर उतरवली आहे. महाग गटातल्या सुमारे 85 टक्के लोकांना वेदना कमी झाल्याचं वाटलं, स्वस्त गटातल्या 61 टक्के लोकांना. न्यूझीलंडमध्ये डोकेदुखीवर झालेला एक प्रयोग तर आपल्या कामाला फारच जवळचा, कारण त्यात विद्यार्थीच होते. ब्रँडचं लेबल लावलेली नकली गोळी खऱ्या आयबुप्रोफेनच्या, म्हणजे वेदनाशामकाच्या, जवळपास चालली. जेनेरिकचं लेबल लावलेली नकली गोळी मागे पडली, वर दुष्परिणामही जास्त नोंदवले गेले.

म्हणजे फार्मासिस्टच्या तोंडून काय निघतं, त्याचाही गुण गोळीला लागतो. "हे जरा स्वस्तातलं आहे, पण चालेल" हे वाक्य रोल-प्लेमध्ये दर दुसरा विद्यार्थी म्हणतो, आणि आपण काय बोलून गेलो हे त्याला समजतही नाही. ते कानावर पडून तिथल्या तिथे दुरुस्त होण्याची सोय फक्त काउंटरच्या तासात आहे. "औषध तेच आहे, आतला घटक आणि मात्रा तीच आहे, बनवणारा वेगळा म्हणून रंग वेगळा. काही वेगळं जाणवलं तर मला येऊन सांगा," एवढं सहजपणे, डोळ्यांत बघून म्हणायला सराव लागतो. वयस्क रुग्ण जुनी आणि नवी गोळी दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतो, हा धोकाही रोल-प्लेमध्येच ध्यानात येतो. कुठल्याही विश्वासांतराळात तो दिसत नाही.

दोन्ही कुठे फसतात

नुसते आकडे शिकलेला विद्यार्थी घाबरलेल्या रुग्णाला विश्वासांतराळ समजावू लागतो. हसू येतं, पण नुकसान थोडंच. नुसता काउंटर शिकलेला विद्यार्थी मला जास्त धोक्याचा वाटतो. त्याला गोड बोलता येतं, "सगळं सारखंच असतं" हे तो छातीठोकपणे सांगतो, आणि कुठे थांबायचं ते त्याला माहीत नसतं.

थांबायच्या जागा आहेत. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं), फेनिटॉइन (अपस्माराचं), लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडचं), टॅक्रोलिमस (प्रत्यारोपणानंतरचं) अशा औषधांत उपयोगाची आणि अपायाची पातळी एकमेकींना खेटून असते. टॅक्रोलिमससारख्या औषधाला युरोपीय नियामक एयूसीसाठी 90.00 ते 111.11 अशी आवळलेली मर्यादा लावतो. अशा रुग्णाची गोळी दर महिन्याला बदलत राहणं योग्य नाही, मग एका जेनेरिकवरून दुसऱ्यावर जायचं असलं तरी. इनहेलरमध्ये औषधाइतकंच यंत्रही महत्त्वाचं. आणि इन्सुलिनच्या नकलेला जेनेरिक म्हणत नाहीत, ती बायोसिमिलर, म्हणजे जैविक औषधाची जवळपास तशीच आवृत्ती. हा फरक हुशार मुलंही गोंधळतात.

जेनेरिक चुकल्याची उदाहरणं लपवू नयेत. बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाच्या 300 मिलिग्रॅमच्या, हळूहळू विरघळणाऱ्या एका जेनेरिक गोळीला 2006 मध्ये मंजुरी मिळाली होती, ती 150 मिलिग्रॅमच्या गोळीच्या चाचणीवर बेतून. रुग्ण तक्रार करत राहिले. एफडीएनं पुढे 300 मिलिग्रॅमची चाचणी स्वतः करवून घेतली, ती गोळी कसोटीला उतरली नाही, आणि 2012 मध्ये ती बाजारातून गेली. रुग्णांचं म्हणणं बरोबर होतं. या उदाहरणानंतर वर्गाचा माझ्यावरचा विश्वास वाढतो, असा अनुभव आहे.

त्याला जोडूनच ऑस्ट्रेलियातली 1968 ची घटना सांगावी. फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं भरण कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज झालं, औषध जास्त शोषलं जाऊ लागलं आणि रुग्णांना विषबाधा झाली. यात जेनेरिकचा काही संबंध नव्हता, नावाजलेल्या औषधाचंच भरण बदललं होतं. भरणासारख्या पूरक घटकांबद्दलची शंका ब्रँडलाही विचारायची असते, हे यातून आपोआप पोचतं.

मोजायचं कसं

ज्ञान मोजणं सोपं. दृष्टिकोन मोजायला बहुतेक जण "सहमत, असहमत" अशा पाच रकान्यांची प्रश्नावली वापरतात, आणि आपण लेक्चर दिल्यानंतर ती आपणच वाटली की मुलं आपल्याला आवडेल तेच भरतात. मी आता तिचा नाद सोडला आहे. त्याऐवजी निनावी चिठ्ठीवर एकच विचारतो: गेल्या वेळी स्वतःसाठी गोळी घेतलीस, ती ब्रँड होती की जेनेरिक, आणि का? त्या "का"मध्ये सगळं येतं.

निवडायचं तर

तुमच्याकडे एकच तास असेल तर कॅल्क्युलेटरचा घ्या. चार असतील तर दोन गणिताला, एक थांबायच्या जागांना, एक काउंटरला. हा क्रम उलटा करू नका. प्रशिक्षणासाठी आधीच दुकानात उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर मात्र मी काउंटरपासून सुरुवात करेन, कारण ते रोज काहीतरी बोलत आहेतच आणि चुकीची वाक्यं तोंडात बसायला आठवडाही पुरतो.

ठरवण्याआधी वर्गाला तीन प्रश्नांची चिठ्ठी द्या. 80 ते 125 हे कशाचे आकडे आहेत? कोणत्या दोन औषधांत तू गोळी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारशील? रुग्ण म्हणाला, "ही गोळी वेगळीच दिसते," तर तुझं पहिलं वाक्य काय? पहिल्यालाच वर्ग अडला तर रोल-प्ले पुढच्या आठवड्यावर ढकला. पहिले दोन जमले आणि तिसऱ्यापुढे कागद कोरा राहिला, तर फळा पुसा आणि बाकं बाजूला सरकवा.