प्रिंटरपायी अ‍ॅडमिनचा पासवर्ड वाटू नका: विंडोजचं ‘प्रिंट मॅनेजमेंट’ कितपत कामाचं?

सोयाबीनच्या दिवसांत लातूरच्या मोंढ्यात आडतीवर शेतकरी हिशोबपट्टीसाठी उभा असतो आणि मुनिमाच्या पडद्यावर ड्रायव्हरसाठी (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) अ‍ॅडमिनचा, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळे हक्क असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागणारी खिडकी येते. मग तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला जातो. सगळा हिशोब ज्या कॉम्प्युटरवर आहे, त्याची किल्लीच उघड्यावर! हे टाळायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीसोबत मिळणारं, प्रिंटर आणि ड्रायव्हर सांभाळायचं ‘प्रिंट मॅनेजमेंट’ हे साधन पुरेसं आहे. होम आवृत्तीत मात्र ते नसतं, म्हणून ऑफिससाठी कॉम्प्युटर घेतानाच प्रो घ्या.

खिडकी येण्याचं कारण असं. 2021 च्या जुलैत स्पूलरमधली (विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेतली) ‘प्रिंटनाइटमेअर’ ही सुरक्षेतली फट उघड झाली आणि ऑगस्टच्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा नवा ड्रायव्हर उतरवायला अ‍ॅडमिनचे हक्क लागू लागले. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक आकडा शून्य केला की खिडकी येत नाही, पण बुजवलेली फट पुन्हा उघडते. तसं अजिबात करू नका.

खरा उपाय म्हणजे ड्रायव्हर आधीच टाकून ठेवणं, आणि इथं हे साधन फार सोयीचं आहे. अ‍ॅडमिन म्हणून उघडा, ‘ड्रायव्हर्स’वर राइट क्लिक करा, ‘अ‍ॅड ड्रायव्हर’ घ्या आणि प्रिंटर कंपनीच्या साइटवरून उतरवलेल्या ड्रायव्हरमधली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) दाखवा. त्यानंतर साधा वापरकर्ता पासवर्डाशिवाय प्रिंटर जोडू शकतो. अट एकच: ज्या मशीनवरून प्रिंटर शेअर केलाय, तिथल्या ड्रायव्हरची आवृत्ती हीच हवी. तिथं कुणी नवा ड्रायव्हर टाकला की सगळ्या टेबलांवर खिडकी परत येते. बहुतेक तक्रारींचं मूळ हेच.

पाच-सात कॉम्प्युटरच्या आडतीला किंवा पतसंस्थेला तर शेअरिंगच्या भानगडीत पडायचंच कारण नाही. प्रत्येक मशीनवर अ‍ॅडमिनने एकदा ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ने, म्हणजे प्रिंटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याने (आयपीने) थेट, प्रिंटर जोडला की त्या मशीनवरच्या सगळ्यांना तो दिसतो. विंडोज बऱ्याचदा आपोआप डब्ल्यूएसडी पोर्ट (नेटवर्कवर प्रिंटर स्वतःच शोधून जोडणारा) लावतं, तो बदला. आपल्याकडे लाईट जाऊन आली की राउटर प्रिंटरला वेगळा आयपी देऊ शकतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो, म्हणून राउटरमध्ये त्याचा आयपी राखून ठेवा. तरीही चालू प्रिंटर ऑफलाइनच दिसत असेल तर पोर्टमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची) खूण काढून बघा.

रंगीत प्रिंटर एकट्या मॅनेजरनेच वापरायचा असेल तर ‘सिक्युरिटी’ टॅबमधून ‘एव्हरीवन’ (सगळे) काढून मॅनेजरचं खातं घाला. ‘क्रिएटर ओनर’ला (प्रिंट पाठवणाऱ्याला) मात्र हात लावू नका, त्याच्यामुळेच माणसाला स्वतःची चुकलेली प्रिंट रद्द करता येते.

डोमेन, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात, असेल तर ग्रुप पॉलिसीने (तिथून सगळ्यांना लागू होणाऱ्या नियमांनी) प्रिंटर एका जागेवरून सगळ्यांना वाटता येतो, तिथं आमचे पाचपैकी साडेचार गुण. डोमेन नसेल तर दर मशीनपाशी जावं लागतं, म्हणून तीन. आणखी एक उणीव दोन्हीकडे राहते: स्पूलरच अडकला तर तो परत सुरू करायला अ‍ॅडमिनच लागतो. म्हणून गर्दीच्या दिवसांत तरी अ‍ॅडमिनचं खातं वापरू शकणारा एक जबाबदार माणूस जागेवर ठेवा.