शॉपिफायचं ऑर्डर एक्स्पोर्ट: फाइल मिनिटात, हिशेब मात्र जपून

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला महिना संपला की तीन ठिकाणी आकडे द्यावे लागतात: सीएला जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नसाठी, गोडाउनला कुठला माल किती खपला हे कळण्यासाठी, आणि कुरिअरवाल्याकडे सीओडीचे, म्हणजे माल पोचवताना ग्राहकाकडून घेतलेले पैसे मागण्यासाठी. शॉपिफाय या ऑनलाइन दुकान चालवण्याच्या सेवेत वेगळे पैसे न मोजता मिळणारं ऑर्डर एक्स्पोर्ट, म्हणजे ऑर्डर्सची यादी फाइलमध्ये काढून घ्यायची सोय, बहुतेक जण या तिन्ही कामांना जुंपतात. गोडाउनसाठी ते उत्तम आहे. जीएसटीसाठी चालतं, पण डोळ्यांत तेल घालून. सीओडीसाठी जवळपास निरुपयोगी, कारण फाइलमध्ये एडब्ल्यूबी म्हणजे ट्रॅकिंग नंबरचा कॉलमच नाही; ऑर्डर नंबरवरून कुरिअरच्या शीटशी जुळवत बसावं लागतं.

फाइल काढणं सोपं आहे. ॲडमिनमध्ये ऑर्डर्स उघडा, एक्स्पोर्ट दाबा, तारखांची रेंज द्या. 50 पर्यंत ऑर्डर्स असतील तर फाइल तिथेच डाउनलोड होते; 51 पासून पुढे ती ईमेलने येते आणि दुकानमालकाच्या ईमेलवरही जाते. तेव्हा ‘बटण दाबलं, काहीच झालं नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा दाबू नका, इनबॉक्स बघा. रेंज देण्याआधी सेटिंग्जमधला टाइम झोन भारताचा आहे ना हे तपासा. तो चुकला असेल तर 31 तारखेच्या रात्रीच्या ऑर्डर्स भलत्याच महिन्यात जाऊन बसतात.

आलेली फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता असते; तिच्यावर डबल क्लिक करू नका. एक्सेलमध्ये कोरी शीट उघडून डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्या आणि फाइल ओरिजिनला 65001 म्हणजे यूटीएफ-8 निवडा. नाहीतर ग्राहकाने मराठीत लिहिलेल्या पत्त्याची अगम्य चिन्हं होऊ शकतात. फोन आणि आयडी हे कॉलम टेक्स्ट ठेवा. आकडा म्हणून घेतले तर एक्सेल ते घातांकात दाखवतं, आणि तशीच सीएसव्ही सेव्ह झाली की शेवटचे अंक कायमचे गेले. पिनकोडच्या आधी एक सुटं अवतरण चिन्ह येतं, ते फाइंड-रिप्लेसने काढा. कुरिअरचं पोर्टल अशा पिनकोडवर अडून बसतं. ‘क्रिएटेड ॲट’मध्ये तारीख, वेळ आणि शेवटी +0530 असं सगळं एकत्र असतं, म्हणून एक्सेल त्याला तारीख मानत नाही. डावीकडचे 10 अक्षर वेगळे काढले की काम होतं.

खरी मेख फाइलच्या रचनेत आहे. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू असतील तर तीन ओळी येतात. ऑर्डर नंबर, ईमेल, वस्तू, नग आणि दर तिन्ही ओळींत असतात. पण पेमेंटची स्थिती, सबटोटल, शिपिंग, टॅक्स, टोटल, पत्ता, राज्य हे फक्त पहिल्या ओळीत, खाली रिकामं. टोटलची नुसती बेरीज केली तर ती बरोबर येते, म्हणून कुणाला शंका येत नाही. राज्यवार पिव्होट (एक्सेलचा गटवार बेरजेचा तक्ता) लावला की मात्र निम्मा माल ‘ब्लँक’ नावाच्या राज्यात गेलेला दिसतो.

मग लोक फिल डाउन करतात, म्हणजे वरच्या ओळीतली माहिती खालच्या रिकाम्या ओळींत ओढतात, आणि घोटाळा वाढतो. टोटल खाली ओढला तर विक्री दुप्पट-तिप्पट फुगते, हे निदान लगेच दिसतं तरी. ‘कॅन्सल्ड ॲट’ खाली ओढलात तर वरची रद्द ऑर्डर खालच्या चांगल्या ऑर्डरलाही रद्द करून टाकते, कारण तिचा तो रकाना मुळातच रिकामा असतो. योग्य उपाय एक्सेलच्या एक्सलुकअप फॉर्म्युल्याचा: ऑर्डर नंबर शोधायचा आणि राज्य किंवा रद्द झाल्याची तारीख आणायची. तो पहिली जुळणारी ओळ उचलतो, आणि माहिती नेमकी तिथेच असते. रिकाम्या जागी शून्य येतो, तेवढं सांभाळा. पैशांचे कॉलम मात्र आणूच नका.

जीएसटीत पहिली चूक ठरलेली: सबटोटलमध्ये टॅक्स मिळवणं. दर करासकट लावले असतील, आणि आपल्याकडे बहुतेक तसेच असतात, तर टॅक्स सबटोटलच्या आतच असतो. समजा पुण्याहून बेळगावला 210 रुपयांची 5 टक्के जीएसटीची वस्तू आणि 590 रुपयांची 18 टक्क्यांची वस्तू एकाच ऑर्डरमध्ये गेली, शिपिंग फुकट. सबटोटल 800, टॅक्स 100, टोटल 800च. रिटर्नला दरवार करपात्र रक्कम लागते, ती फाइलमध्ये नाही. ‘टॅक्स 1’, ‘टॅक्स 2’ अशा जोड्यांमध्ये कराचं नाव आणि रक्कम असते. माल दुसऱ्या राज्यात गेला म्हणून इथे आयजीएसटी लागतो. आयजीएसटी 5 टक्के: 10 रुपये, म्हणजे करपात्र 200. आयजीएसटी 18 टक्के: 90 रुपये, म्हणजे 500. तीच ऑर्डर महाराष्ट्रातली असेल तर प्रत्येक दराचे केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असे दोन भाग होतात, म्हणून चार जोड्या लागतात. जोड्या एकूण पाचच आहेत. एका ऑर्डरमध्ये तिसरा दर आला की सहावीला जागा उरत नाही, म्हणून पाचांची बेरीज ‘टॅक्सेस’ कॉलमशी ताडून बघत चला. एचएसएन कोडचा, म्हणजे जीएसटीतल्या मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाचा कॉलमही नाही; एसकेयूवरून (दुकानाने वस्तूला दिलेला कोड) स्वतःच्या यादीतून आणावा लागतो, तेव्हा एसकेयू रिकामे ठेवणाऱ्यांची इथे चांगलीच पंचाईत होते.

रिफंडसाठी वेगळी फाइल काढावीच लागते. ऑर्डरच्या फाइलमध्ये ‘रिफंडेड अमाउंट’ दिसतो, पण तो कधी दिला ते नसतं. मार्चची ऑर्डर, एप्रिलचा रिफंड: क्रेडिट नोट (विक्रीची रक्कम कमी केल्याचा कागद) एप्रिलची, फाइल मात्र ती रक्कम मार्चच्या ओळीत दाखवते. मार्चची फाइल 5 एप्रिलला काढली आणि 25 एप्रिलला पुन्हा काढली तर आकडे वेगळे येतील. जीएसटीआर-1 ची 11 तारीख सांभाळून भरताना जी फाइल वापरली ती तारखेसह जपून ठेवा, आणि रिफंडच्या तारखा ‘एक्स्पोर्ट ट्रान्झॅक्शन हिस्टरीज’मधून घ्या. तिथे प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ, प्रकार आणि वेळ मिळते.

महिन्याला शे-दोनशे ऑर्डर्स असतील तर एवढ्यावर भागतं. त्यापुढे मॅट्रिक्सिफायसारखं पैसे देऊन घ्यायचं ॲप विचारात घ्यायला हरकत नाही. रिफंड आणि ट्रॅकिंग एकाच फाइलमध्ये आलं तरी वेळ वाचतो. ॲप घेताना एक बघा: शॉपिफाय ॲप्सना एरवी मागच्या 60 दिवसांच्याच ऑर्डर्स दाखवतं, जुन्यांसाठी ॲपकडे वेगळी परवानगी असावी लागते. आणि एक्स्पोर्टची परवानगी प्रत्येक स्टाफला देऊ नका. त्या एका फाइलमध्ये सगळ्या ग्राहकांची नावं, फोन आणि घरचे पत्ते असतात.