काउच टू ५के: पहिल्यांदा पळणाऱ्यांसाठीची नऊ आठवड्यांची योजना

पाच किलोमीटरची पहिली शर्यत पळायची आहे आणि शाळा सुटल्यापासून पळण्याशी संबंधच आलेला नाही, अशा कुणीही मला विचारलं तर मी 'काउच टू ५के', म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत, हीच योजना सुचवते. मी पन्नाशी ओलांडलेली आहे, दिवसभर खुर्चीत बसून हिशेब तपासते. माझ्या धाकट्या जाऊबाई चाळिशीच्या, अंगाने काटक, कायम उभ्याने काम करणाऱ्या. आम्ही दोघींनी ही योजना बरोबरच सुरू केली आणि शर्यतही बरोबर पळालो. त्यामुळे एकच आखणी दोन वेगळ्या शरीरांवर कशी चालते ते जवळून बघता आलं.

योजना तशी जुनी आहे. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये ती मांडली, ती अगदी नवशिक्यांसाठीच. आठवड्यातून तीन दिवस पळायचं, दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस तरी विश्रांती, आणि दर वेळी साधारण अर्धा तास. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं आणि मग वीस मिनिटं ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं असं आलटून पालटून. दुसऱ्या आठवड्यात दीड मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. तिसऱ्यात पहिल्यांदा सलग तीन मिनिटं येतात, चौथ्यात पाच. मैदानावर सरावलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल, पण पहिल्या दिवशी शेवटची ६० सेकंदं मला खरोखरच लांब वाटली होती.

या योजनेचा सगळ्यात मोठा गुण माझ्या मते हा, की अजून पळता येईल असं वाटत असतानाच ती तुम्हाला थांबवते. जाऊबाईंना पहिल्याच आठवड्यापासून हुरूप होता. "ताई, आज दोन फेऱ्या जास्त मारू या ना, काही होत नाही!" असं त्या रोज म्हणायच्या आणि मी रोज नाही म्हणायचे. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि टाचेमागच्या कंडरेसारखे (स्नायू हाडाला जोडणारे) भाग तयार व्हायला मात्र महिने लागतात. म्हणजे छाती "चल" म्हणते तेव्हा नडगी तयार असतेच असं नाही. नवशिक्यांची बरीच दुखणी याच फरकातून येतात. एवढं सांभाळूनही तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंची नडगी आतल्या कडेला दुखू लागली. काही दिवस पळणं बंद ठेवलं, नुसतं चालणं चालू ठेवलं, दुखणं गेल्यावर दुसरा आठवडा पुन्हा केला आणि डांबरी रस्ता सोडून मातीच्या मैदानावर गेलो. आठवडा पुन्हा करायला या योजनेत पूर्ण मुभा आहे आणि ती जरूर वापरावी. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी ठणकत असेल, तर मात्र सरळ डॉक्टरांना दाखवा.

किती हळू पळायचं, हे योजनेच्या तक्त्यात पुरेसं ठसवून सांगितलेलं नाही. तिथे नुसतं 'जॉग' (सावकाश पळणं) म्हटलंय, आणि नवीन माणूस जॉग म्हटलं की धावतच सुटतो. बोलता येईल इतकाच वेग ठेवा, असं अनुभवी धावपटू सांगतात. आम्ही त्यासाठी पाढे म्हणायचो. सतराचा पाढा नेहमीच्या लयीत म्हणत पळायचं, आणि मध्येच शब्द तुटून धाप लागली की वेग कमी करायचा. सुरुवातीला हा वेग इतका कमी निघाला की शेजारून झपझप चालणारे लोक पुढे जात होते. तरीही तोच वेग बरोबर होता.

पाचव्या आठवड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण अनेक जण तिथेच बिचकतात. त्या आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं पळणं, पाच मिनिटं चालणं, पुन्हा आठ मिनिटं पळणं असतं, आणि तिसऱ्या दिवशी थेट सलग वीस मिनिटं. कागदावर ही उडी अवाजवी वाटते. प्रत्यक्षात पहिली पाच-सहा मिनिटंच सगळ्यात जड गेली. पळायला लागल्यावर स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू पोचायला थोडा वेळ लागतो, तोवर छाती भरून आल्यासारखं वाटतं. मग श्वास आपसूक पावलांशी जुळला. बाराव्या मिनिटाच्या आसपास माझ्या उजव्या बरगडीखाली कळ आली. थांबले नाही, वेग अगदी खाली आणला, तोंडाने लांब श्वास सोडत राहिले आणि कळ विरली. वीस मिनिटं झाली तेव्हा मी अजून पळत होते. आपल्याला हे जमतं, हा विश्वास त्या दिवशी आला आणि पुढचे आठवडे त्या विश्वासावरच निघाले.

आता उणीव. नावात पाच किलोमीटर आहेत, पण नवव्या आठवड्यात तीस मिनिटं किंवा तीन मैल असा पर्याय दिलाय आणि बहुतेक जण मिनिटांचाच धरतात. तीस मिनिटांत पाच किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला सहा मिनिटं, ताशी दहा किलोमीटर. आमच्या वयाच्या नवशिक्यांना हा वेग फार झाला. आमचे तीस मिनिटांत जेमतेम चार किलोमीटर व्हायचे. म्हणून पुढचे काही आठवडे आम्ही तीनपैकी एकच पळणं थोडं थोडं लांबवत नेलं, बाकी दोन तसेच ठेवले. चारशे मीटरचा ट्रॅक मिळाला तर साडेबारा फेऱ्यांचे पाच किलोमीटर होतात, मोजायला सोपं पडतं.

दुसरी उणीव म्हणजे पायांच्या ताकदीचा व्यायाम यात नाही. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा सावकाश वर उचलायच्या आणि तितक्याच सावकाश खाली आणायच्या, एवढा एक तरी आठवड्यातून दोनदा जोडून घ्या. पोटऱ्यांना फार उपयोग होतो.

ॲप बरीच आहेत. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचं एनएचएसचं ॲप मोफत आहे आणि त्यात सूचना देणारा आवाज आपण निवडू शकतो. कानात कुणीतरी "आता पळा, आता चाला" म्हणत असलं की घड्याळ बघावं लागत नाही, आणि नवशिक्याला ही फार मोठी सोय आहे. सूचना इंग्रजीत असतात, पण मोजक्याच. जाऊबाईंना कानात काही घालून पळायला आवडत नाही, त्यांनी तक्ता कागदावर उतरवून घेतला आणि मनगटी घड्याळावर काम भागवलं.

हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. आणि शर्यतीची तारीख ठरवून उलटं मोजत असाल, तर नऊ आठवडे धरू नका. एखादा आठवडा पुन्हा करावा लागेल, एखादा तापात-सर्दीत जाईल, शेवटी अंतर वाढवायला तीन-चार लागतील. चौदा आठवडे हातात ठेवून नाव नोंदवा.