कापडी टप की पत्र्याचा टप? मराठवाड्यात जुनी कन्व्हर्टिबल घेऊन घरी नीट करणाऱ्यासाठी

जुनी आलिशान कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडता येणारी गाडी, घ्यायची आणि घरच्या घरी तिला वळणावर आणायचं, असं एकदा ठरलं की इंजिन कोणतं, रंग कोणता हे प्रश्न मागे पडतात. खरा प्रश्न टपाचा. सेकंडहँड बाजारात आपल्यासमोर दोन घराण्यांच्या गाड्या येतात. एका घराण्यात पत्र्याचा टप घडी होऊन डिकीत जातो: मर्सिडीजची एसएलके, बीएमडब्ल्यूची ई८९ पिढीची झेड-४. दुसऱ्यात टप कापडी: ऑडी ए३ कॅब्रिओले, मर्सिडीजची ई-क्लास कॅब्रिओले, मिनी कन्व्हर्टिबल. २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मर्सिडीज एका दमात घेतल्या गेल्या. महागड्या गाडीची धास्ती इथे कुणाला नाही. धास्ती आहे ती टपाची, आणि ती रास्त आहे.

माझी निवड कापडी टपाची. पण पत्र्याच्या टपाची बाजू मुळीच लंगडी नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पत्र्याचा टप बंद केला की गाडी साध्या बंद गाडीसारखीच वागते. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात शेजाऱ्याशी आवाज न चढवता बोलता येतं. गाडी रात्री उघड्यावर उभी राहणार असेल तर मांजर, वानर, कबूतर यांची फिकीर नाही. धुवायला बादली आणि फडकं पुरतं. उन्हाचं म्हणाल, तर मे महिन्यात दुपारी चारला दोन्ही गाड्यांत बसताना भाजतंच. फरक कळतो तो एसी लावल्यावर. पत्र्याची गाडी माझ्या अंगाला तरी पाच-सात मिनिटं आधी निवते. सुरक्षिततेतही पत्रा वरचढ, कारण कापड ब्लेडने कापता येतं.

घरी काम करायचं तर पत्र्याच्या टपात तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. टप अडकला की लोक आधी पंपाला दोष देतात आणि तिथेच पैसा जातो. पहिल्यांदा बॅटरी बघा. व्होल्टेज पडलं की टपाचा कंट्रोलर काम अर्ध्यावर थांबवतो, म्हणून घरी चाचणी घेताना चार्जर जोडलेला असू द्या किंवा इंजिन चालू ठेवा. मग डिकीतला पडदा, जो सामान आणि टपाची जागा वेगळी ठेवतो. तो जागेवर ओढून बसलेला नसेल तर टप हलतच नाही, आणि त्याच्या कडेचा बारीक स्विच धुळीने अडला असेल तर पडदा बसूनही हलत नाही. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. तिसरं, डिकीच्या झाकणाच्या बिजागरीतून जाणारा वायरिंगचा जुडगा. झाकण दोन्ही बाजूंनी उघडणारं असल्यामुळे तिथल्या वायरी वर्षानुवर्षं वाकत राहतात आणि आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. आवरण सोलून एकेक वायर हलक्या हाताने ओढायची. जी रबरासारखी ताणली जाते ती आतून तुटलेली. तिथे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. मऊ, बारीक तारांची नवी वायर घ्या, जोड बिजागरीपासून लांब सरकवून सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा.

एवढं झाल्यावर तेल, कारण टप पंपाच्या तेलदाबाने हलतो. डिकीच्या कार्पेटवर किंवा आतल्या छतावर तेलकट डाग असेल, टप पूर्वीपेक्षा सावकाश चढत असेल, तर सिलिंडरचं सील गेलंय. टाकीत कंपनीने सांगितलेलंच हायड्रॉलिक तेल भरा. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने उरलेली सीलही फुगून बाद होतात. जेसीबी-ट्रॅक्टरचे सिलिंडर भरणारे चांगले कारागीर वाळूजला, जालन्याला आहेत आणि जुनं सील नमुन्याला नेलं तर ते मापाचं काढून देतात. मात्र रॉडवर उभा ओरखडा असेल तर नवं सील टिकत नाही, मग सिलिंडरच बदलावा लागतो. आणि टप अर्धवट उभा असताना खाली हात घालण्यापूर्वी लाकडी टेकू लावाच. पंपाचा दाब काही मिनिटांनी सुटतो आणि टप खाली येतो.

ही सगळी कामं धीर धरला तर होणारी आहेत. त्यासाठी मी पत्र्याचा टप नाकारला नसता. नाकारला तो करकरीमुळे.

पत्र्याचा टप दोन किंवा तीन तुकड्यांचा असतो आणि तुकड्यांमध्ये रबरी सील. गाडीला कायमचं छत नसल्यामुळे सांगाडा थोडा पिळतो; तो पीळ ताठ पत्रा घेत नाही, सगळी हालचाल सांध्यातल्या रबरावर येते. रस्ता सपाट असेल तर हे जाणवतही नाही. आपला रस्ता काळ्या मातीवर आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरच्या डांबराला लांब लाटा पडतात. खड्डा एकवेळ चुकवता येतो, लाट चुकवता येत नाही. डावं चाक वर, उजवं खाली, की टप कानाजवळ करकरतो. परभणी-नांदेडकडच्या कोणत्याही जुन्या रस्त्यावर दहा किलोमीटर गाडी चालवली तरी मी काय म्हणतोय ते कळेल.

इलाज आहे. आधी सांधा शोधायचा: एका वेळी एकाच सीलवर टाल्कम पावडर चोळायची आणि तोच रस्ता पुन्हा धरायचा. आवाज बंद झाला की चोर सापडला. मग ते सील ओल्या मायक्रोफायबरने पुसायचं, फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत, कोपरे जुन्या टूथब्रशने. पूर्ण वाळल्यावर रबराला चालणारं फ्लोरिनयुक्त ग्रीस बोटाने लावायचं, अगदी पातळ. अख्ख्या टपाला पाच-सात ग्रॅम रग्गड. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढायचं. व्हॅसलिन, इंजिन ऑइल, गंज सोडवायचे स्प्रे यातलं काही नको. पेट्रोलियममुळे असं रबर फुगून ढिलं होतं. याने गाडी खरंच गप्प होते. पण फेब्रुवारीनंतर नांगरटी सुरू झाल्या की हवेत जी माती उडते ती या ग्रीसवर बसते, तिचं खरडण होतं, आणि पंधरवड्यात करकर परत. पुन्हा पुसा, पुन्हा लावा. काही जण लॉकची खिट्टी अर्धा फेरा आवळून टप घट्ट करतात. त्याने आवाज दबतो, पण सील जास्त चेपलं जातं आणि पुढच्या पावसात पाणी झिरपतं. करायचंच असेल तर मूळ जागेवर मार्करने खूण आधी करून ठेवा.

कुणाच्या कानाला हे चालत असेल, किंवा गाडी मुख्यतः महामार्गावरच धावणार असेल. मला चाललं नाही.

कापडी टप हा पीळ पोटात घेतो. कापड ताणतं, सैल होतं, आवाज करत नाही. गंमत म्हणजे कारखानेही याच वाटेने परतले. झेड-४ ने २०१८ मध्ये नव्या पिढीत पुन्हा कापड घेतलं. मर्सिडीजची एसएल पत्र्याच्या दोन पिढ्यांनंतर २०२१ मध्ये कापडावर आली. त्यांचं कारण वजनाचं आणि डिकीतल्या जागेचं होतं, माझं काळ्या मातीचं.

आता कापडाचं काम. हे कापड एकपदरी नसतं: वर विणलेलं ॲक्रिलिक, मध्ये रबराचा थर, खाली अस्तर. पाणी अडवतो तो मधला थर. म्हणून वरचा रंग उडालेला टप बघून माघार घेऊ नका, तो परत येतो. घडीच्या रेषेवर आरपार भोक असेल किंवा अस्तरावर पाण्याचे पिवळे वेढे असतील, तर मात्र किंमत पाडून घ्या किंवा सोडून द्या.

साफसफाईला सावली आणि गार टप हवा. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी साडेसहाची वेळ. आधी कोरड्या टपावर मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, विणीतली माती ओली करून चिखल करायचा नाही. मग सौम्य शांपू, घोड्याच्या केसांचा ब्रश, विणीच्या दिशेने. फेस यायचा बंद होईपर्यंत पाणी सोडत राहा. प्रेशर वॉशरचा नोझल दोन फुटांच्या आत नको, त्याने शिवण उसवते. शेवटचं पाणी बोअरचं नको. जड पाण्याचे क्षार विणीत वाळतात आणि काळ्या कापडावर पांढरी झाक येते, मग कितीही घासा. आरओचं वाया जाणारं पाणी तर आणखी वाईट, त्यात क्षार दाट झालेले असतात. पावसाचं साठवलेलं किंवा सॉफ्टनरचं दोन बादल्या पाणी त्यासाठी बाजूला ठेवा.

रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिक टपासाठीचाच घ्या, दोन हात, फोम ब्रशने. चाळीस अंशांत हे काम करू नका. ब्रश पुढे सरकेपर्यंत मागचं वाळतं आणि पट्टे उमटतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीची सकाळ उत्तम. एक दिवस पूर्ण वाळू द्या, मग पाणी-रोधक. काच आणि बॉडी मास्किंग टेप, वर्तमानपत्राने झाका, कारण त्याचे शिंतोडे काचेवरून सहजी निघत नाहीत. दोन पातळ हात, मिळून साधारण अर्धा लिटर. आपल्या उन्हात हे वर्षातून दोनदा करावं: एकदा मृगाच्या आधी, एकदा दिवाळीला.

कापडी गाडी मारली जाते ती मात्र कापडामुळे नाही, नाल्यांमुळे. टपाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या खांबाच्या बुडाशी, पन्हळीतलं पाणी खाली सोडणारी भोकं असतात. गाडी कडुलिंबाखाली उभी असेल तर नेमक्या पावसाच्या तोंडावर लिंबोळ्या पडतात. त्यांची सालं, पानांचे देठ आणि धूळ मिळून त्या भोकात बूच बसतं. मग पाणी आत वळतं, सीटखालच्या कार्पेटात मुरतं आणि तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागतं. बीएमडब्ल्यूच्या आधीच्या, ई८५ पिढीच्या झेड-४ मध्ये तर टपाची मोटर याच खळग्यात असते आणि नाली तुंबली की ती चक्क बुडते. साफ करायला तार घालू नका, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची हवाही नको, नळी आतल्या जोडातून निसटते आणि ते महिनाभर कळत नाही. गवत कापायच्या यंत्राची २.४ मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर गोल करा आणि फिरवत-फिरवत खाली सोडा. मग एक लिटर पाणी सावकाश ओता. चाकापाशी तितक्याच धारेने पडलं पाहिजे. आधी काळं, मग नितळ. दोन्ही बाजूंना सारखा वेळ लागला की झालं. पत्र्याच्या टपालाही नाल्या असतात, पण कापडात हयगय केली तर शिक्षा लवकर मिळते.

दुसरी दुखरी जागा मागची काच. उन्हाने गोंद सुटून ती वरच्या कडेने कापडापासून अलग होते. टप पुढच्या लॉकमधून सोडून थोडा सैल ठेवा, म्हणजे ताण निघतो. जुना गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काचेला प्रायमर द्या, विंडशील्ड चिकटवायचा पॉलियुरेथेन गोंद भरा आणि चोवीस तास दाबून ठेवा. चार बोटं सुटलेलं असेल तर हे टिकतं. अर्धी काच सुटली असेल तर घरचा इलाज सहसा टिकत नाही. काचेसकट शिवलेला तयार टप मागवावा आणि बसवायला पूर्ण दोन दिवस मोकळे ठेवावेत. जीपचं किंवा रिक्षाचं हूड शिवणाऱ्या कारागिराला सोबत घ्या. कापड कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे त्याच्या हाताला माहीत असतं.

बाकी कामं दोन्हीकडे सारखीच. बॅटरी काढली असेल तर दोन्ही काचा पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. नाहीतर दार उघडताना काच खाली सरकत नाही आणि सीलवर घासते. एसएलकेत मानेला ऊब देणारं एअरस्कार्फ बंद असेल तर त्यावर खर्च करू नका, तेच पैसे टायरना लावा. मुंबईकडची गाडी असेल तर टपाच्या सांगाड्याचे सांधे आणि कनेक्टर गंजासाठी बघा.

तेव्हा गाडीला पक्कं छप्पर नसेल, ती रोज उघड्यावर उभी राहणार असेल, तर पत्र्याचा टप घ्या, त्यात चूक नाही. शेड असेल आणि जून-ऑक्टोबरात महिन्यातून एकदा नाल्यांना वीस मिनिटं द्यायची तयारी असेल, तर कापडी. पत्र्याचीच मनात भरली असेल तर सौदा करताना शहराच्या रिंगरोडवर फेरी मारून थांबू नका. टप बंद, एसी आणि गाणी बंद, खिडक्या वर, काळ्या रानातला जुना डांबरी रस्ता, वेग ताशी चाळीस. मालक सील नुकतंच पुसून आणतो, म्हणून गाडी पहिल्या भेटीत बघा आणि ही फेरी पंधरा दिवसांनी मारा.