ड्रॅगन एज आरपीजी कोअर रूलबुक: एकच देव असलेलं जग बनवायचंय त्यांच्यासाठी

आधीच सांगते, हा ड्रॅगन एज या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा (टेबलाभोवती बसून, एकेक कॅरेक्टर बनून खेळायचा गेम) पूर्ण रिव्ह्यू नाहीये. तीन डाइस टाकायचे, त्यातला एक वेगळ्या रंगाचा ड्रॅगन डाय, दोन आकडे सारखे आले की खास चालींसाठी स्टंट पॉइंट मिळतात, ते सगळं मस्त चालतं आणि नवीन माणसाला अर्ध्या तासात शिकवता येतं, पण त्यावर भरपूर लोक बोललेत. मला बोलायचंय या पुस्तकातल्या धर्माबद्दल, कारण स्वतःचं फँटसी जग बनवताना एकेश्वरी धर्म कसा उभा करायचा हे मला ज्या पुस्तकातून सगळ्यात जास्त कळलं ते हे.

बॅकग्राउंड थोडक्यात. बायोवेअरचा व्हिडिओ गेम आला २००९ मध्ये, त्यावरून ग्रीन रोनिन या कंपनीने क्रिस प्रमासच्या डिझाइनवर टेबलटॉप गेम काढला, आधी तीन बॉक्स सेट आले आणि २०१५ मध्ये सगळं एकत्र करून हे जाडजूड कोअर रूलबुक. व्हिडिओ गेम खेळला नसेल तरी काही अडत नाही.

आता मुद्दा. आपण होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेलं, जग बनवायला बसलो की बहुतेक वेळा दहाबारा देवांची यादी करतो, युद्धाचा एक, समुद्राचा एक, मरणाचा एक, आणि प्रत्येकाचा क्लेरिक, म्हणजे पुरोहित कॅरेक्टर, त्याच्याकडून रोज सकाळी स्पेल, म्हणजे जादू, घेऊन येतो. यात वाईट काही नाही, आपल्याकडच्या प्लेअरना तर ते लगेच जमतं, माझ्या ग्रुपमध्ये एकाने पहिल्याच सेशनला विचारलं होतं की माझ्या कॅरेक्टरचं कुलदैवत कोणतं. पण मग एकच देव असलेला धर्म त्याच साच्यात टाकायला गेलो की तो फुसका होतो. एक देव, तो चांगला, तो स्पेल देतो, म्हणजे तो आहे हे सिद्धच झालं, मग भांडण कशावरून होणार? पाखंडी कोण ठरणार? ज्याचे स्पेल बंद झाले तो चुकीचा, विषय संपला.

या गेममध्ये क्लेरिक नावाचा क्लासच नाहीये. वॉरियर (योद्धा), रोग (चोरटा, चलाख गडी) आणि मेज (जादूगार), बस. जखम भरून काढायची जादूसुद्धा मेजकडे, आणि मेजवर तर धर्मसंस्थेचा डोळा. ही धर्मसंस्था म्हणजे चँट्री, तिच्या देवळालाही चँट्रीच म्हणतात. रिव्हीर्ड मदर, म्हणजे गावातल्या चँट्रीची प्रमुख, तिच्याकडे एकही चमत्कार नाही. तिच्याकडे आहे तो शब्द, लोकांचा मान आणि मागे उभे असलेले टेम्प्लर, म्हणजे चँट्रीचे सैनिक. नियमांमध्ये विलपॉवर (मनोबल) या गुणाखाली श्रद्धेचा फोकस, म्हणजे खास कौशल्य, आहे आणि कनिंग (बुद्धी) या गुणाखाली धर्मज्ञानाचा, दोन्ही वेगवेगळे, म्हणजे गाढ श्रद्धा असलेला अडाणी शेतकरी आणि सगळी सूक्तं पाठ असलेला पण आतून कोरडा विद्वान ही दोन्ही माणसं कॅरेक्टर शीटवर वेगळी दिसतात. इतक्या छोट्या गोष्टीतून केवढं काम झालंय बघा.

कथा अशी: मेकरने, म्हणजे या धर्मातल्या एकमेव देवाने, जग बनवलं, टेविंटर साम्राज्याचे जादूगार त्याच्या गोल्डन सिटीत घुसले, ती काळी पडली, ते राक्षस होऊन परत आले आणि मेकरने जगाकडे पाठ फिरवली. मग अँड्रास्टे नावाच्या बाईने त्याला हाक मारली, तिच्या गाण्याने तो वळला, तिने टेविंटरविरुद्ध युद्ध पुकारलं, तिच्या नवऱ्याने, मॅफेरॅथने, मत्सरापोटी तिला शत्रूच्या हाती दिलं आणि तिला मिनराथसमध्ये जिवंत जाळलं. मेकर पुन्हा गेला. जगाच्या चारी कोपऱ्यांतून चँट ऑफ लाइट, हा त्यांचा सूक्तांचा पवित्र ग्रंथ, गायला जाईल तेव्हा तो परत येईल अशी शिकवण. म्हणजे देव एकच आणि तो सध्या ऐकतच नाहीये! या एका निर्णयातून धर्मप्रसार, धर्मयुद्ध, अपराधभाव, सगळं आपोआप उगवतं, जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, वरून काही चिकटवावं लागत नाही.

आणि प्रत्येक प्रथेला कथेतलं कारण आहे. पुरोहित फक्त बायका, कारण मॅफेरॅथने दगा दिला. टेम्प्लरच्या छातीवर तलवार, कारण जळत्या अँड्रास्टेचे हाल बघवेनात म्हणून टेविंटरचा राजा आर्कॉन हेसेरियन याने तलवारीने तिचा जीव घेतला. अगदी कॅलेंडरसुद्धा चँट्रीचं, दर शंभर वर्षांच्या युगाला नाव देणार डिव्हाइन, ही त्यांची सर्वोच्च धर्मगुरू, आणि नववं युग खरं तर सन एज व्हायचं होतं, पण नामशेष झाला असं समजलेला ड्रॅगन उधळलेला दिसला म्हणून नाव बदललं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे फूट. चँटमध्ये शिकवण अशी की जादूने माणसाची सेवा करावी, त्याच्यावर राज्य करू नये. ऑर्ले या देशातली चँट्री म्हणते याचा अर्थ मेज लोकांना सर्कल नावाच्या संस्थेत पहाऱ्यात ठेवा. टेविंटरची चँट्री तेच वाक्य मानते, पण म्हणते मेजनीच राज्य करून लोकांची सेवा करावी, तिथला डिव्हाइन पुरुष आणि तिकडे अँड्रास्टेला मोठी मेज मानतात. देव तोच, ग्रंथ तोच, आणि दोन्ही बाजू मनापासून खऱ्या. त्यात शार्टानचं सूक्त. अँड्रास्टेच्या बाजूने लढलेला हा एल्फ, त्याच्यावरचं सूक्त चँटमध्ये होतं, मग एल्फ लोकांशी युद्ध झालं, त्यांचा देश मोडला आणि सूक्तही काढून टाकलं. तुमच्या जगातल्या पवित्र ग्रंथातून काय काढलं आणि कोणी, एवढा एक प्रश्न सोडवलात तर वर्षभराचं कॅम्पेन मिळेल, खरंच सांगते.

टेबलावर हे कसं चालतं त्याचा एक नमुना. आमच्यातली एक प्लेअर अपोस्टेट मेज होती, म्हणजे सर्कलबाहेरची, लपून राहणारी. एका खेड्यात तिने तापाने फणफणलेल्या मुलाला हील केलं. गाव म्हणालं अँड्रास्टेचीच कृपा, रिव्हीर्ड मदरला मात्र कळलं हे काय आहे. रात्री चँट्रीत दोघींची गाठ पडली आणि दोघी सेवेचं तेच वाक्य एकमेकींना ऐकवत होत्या, ही म्हणते मी सेवाच केली, ती म्हणते आज सेवा, उद्या गाव तुझ्या मुठीत. डाइस कोणी उचललाच नाही बराच वेळ. बाकीचे प्लेअर निम्मे मदरच्या बाजूने होते! मदर मला व्हिलन म्हणून लिहावीच लागली नाही, तिची भीती खरी आहे, कारण या जगात मेजला डीमनने, म्हणजे दुष्ट आत्म्याने, पछाडलं तर खरोखर गाव संपतं.

टेम्प्लरसुद्धा असेच. त्यांची ताकद लिरियम नावाच्या जादुई पदार्थातून येते, त्याची सवय सुटत नाही, आणि पुरवठा चँट्रीच्या हातात. एखाद्या म्हाताऱ्या टेम्प्लरचा हात थरथरताना दाखवा, धर्मसंस्था आपल्याच माणसांना कशी बांधून ठेवते ते प्लेअरना भाषणाशिवाय समजतं. पुस्तकात टेम्प्लर हे वॉरियरचं स्पेशलायझेशन आहे, सहाव्या लेव्हलपासून घेता येतं.

आता कमी काय वाटलं. वरचा इतिहास भरपूर, डिव्हाइन, युद्धं, ठराव, पण खालचं रोजचं आयुष्य मला हवं तेवढं नाही. गावातली चँट्री चालते कशावर, धान्य कोण देतं, लग्न कोण लावतं, पोर आजारी पडलं की आई नेमकं काय बोलते, देव ऐकत नाही असं शिकवलेल्या धर्मात नवस बोलायचा तर कोणाला? माझ्या मते लोक मेकरला सोडून अँड्रास्टेलाच साकडं घालणार आणि विद्वान सिस्टर त्यावर नाक मुरडणार, मी माझ्या कॅम्पेनमध्ये तसंच ठेवलंय. दुसरं म्हणजे धर्माची माहिती एका जागी नाही, जगाच्या वर्णनात थोडी, स्पेशलायझेशनमध्ये थोडी, त्यामुळे स्वतःची वही करावी लागते. आणि ड्वार्फ लोक दगड आणि पूर्वजांना मानतात ते, किंवा क्युनारी लोकांचं क्युन हे तत्त्वज्ञान, यांच्यावर अजून पानं हवी होती, कारण चँट्री किती वेगळी आहे हे त्यांच्या शेजारी ठेवलं की जास्त उठून दिसतं.

फक्त धर्माची आयडिया घेण्यासाठी घेणार असाल तर पीडीएफ पुरे, छापील प्रत बाहेरून मागवायला शिपिंग फार पडतं. थेडासमध्येच, म्हणजे याच पुस्तकातल्या जगात, खेळणार असाल तर मात्र छापीलच घ्या, टेबलावर सारखं लागतं. आणि स्वतःच्या जगासाठी वापरताना मेकर आणि अँड्रास्टे उचलून नावं बदलू नका प्लीज, आधी हे ठरवा की तुमच्या देवाचा पुरोहित काय करू शकत नाही, बाकीचं त्यानंतर लिहायला घ्या.