बारा वर्षांच्या डेस्कटॉपला वायफाय: आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये एका सकाळी सासूबाईंचा पाय लॅनच्या वायरीत अडकला. दाराची चौकट हाताशी होती म्हणून निभावलं, पण मला दिवसभर काम सुचलं नाही. ती पंधरा मीटरची निळी वायर हॉलमधल्या राउटरपासून स्वयंपाकघराच्या दारातून आतल्या खोलीत माझ्या टेबलापर्यंत यायची. उंबऱ्यापाशी पायपुसण्याखाली दडवलेली. लादी पुसताना रोज सरकायची, रोज परत दडवायची. असं सात वर्षं चाललं होतं.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या जुन्या इमारतीत. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यामुळे भिंती फोडून पट्टीतून वायर न्यायला घरात कोणीच तयार नाही. उद्या पडणाऱ्या भिंतीवर आज खर्च कशाला, हे म्हणणं मलाही पटतं. मग डेस्कटॉपलाच वायफाय जोडायचं ठरवलं.

कॉम्प्युटर २०१४ सालचा आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, मागाहून घातलेली एसएसडी. मी घरून डीटीपी करते: लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दोन-तीन मंडळांच्या स्मरणिका, आणि ऑगस्टपासून दिवाळी अंक. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली अजून पेजमेकर ७ मध्ये आहेत, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ते चालायला लागणारी किल्ली, मागच्या यूएसबीत खोचलेलं आहे. नवीन मशीन घ्यायचं म्हणजे ही सगळी घडी विस्कटायची. मशीन कामाला पुरतं, अडचण फक्त वायरीची होती.

आधी स्वस्तातला मार्ग धरला. गोखले रोडवरच्या दुकानातून साडेचारशेला वायफाय पकडणारं नखाएवढं यूएसबी डोंगल आणलं. डब्यावर १५० एमबीपीएस लिहिलेलं. बरोबर छोटी सीडी होती, आणि माझा सीडी ड्राइव्ह बंद पडून जमाना झाला. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण यावरच बरेच जण अडतात: नेटसाठी ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवं, अशी कोंडी झाली तर फोन चार्जिंगच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन घरच्या वायफायवर असेल तर कॉम्प्युटरला तेच नेट मिळतं, मोबाइलचा डेटा जात नाही.

डोंगल चाललं. पण आमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, आणि टेबलावर मिळायचे सकाळी वीस-पंचवीस, संध्याकाळी चार-पाच. दीडशे हा आकडा दुप्पट रुंदीचा चॅनल, म्हणजे वायफायच्या लहरींची वाट, मिळाला तरच खरा. आमच्यासारख्या दाट वस्तीत राउटर अर्ध्या रुंदीवर येतो आणि जोडणी ७२ वर दिसते. त्यातलं हातात पडतं ते निम्म्याहून कमी. शिवाय वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, हे डोंगल फक्त २.४ वर चालणारं. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या खोलीतून यादी उघडली तर शेजारपाजारची चौदा नावं दिसायची. चौदा घरं तीन चॅनलांत! संध्याकाळी सगळे घरी आले की काय होणार, ते उघड आहे.

तरी मी लगेच हार मानली नाही, आणि त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते पुढे फार उपयोगी पडलं.

डोंगल मागच्या बाजूला खोचलं होतं. म्हणजे पुढे पत्र्याचं कॅबिनेट, मागे भिंत, वर टेबल. अशा कोपऱ्यात कुठलाही अँटेना गुदमरणारच. दीडशे रुपयांची दोन मीटरची यूएसबी एक्सटेन्शन वायर आणून डोंगल टेबलावर मॉनिटरच्या बाजूला ठेवलं, तर वेग जवळजवळ दुप्पट झाला. डोंगल तेच, राउटर तोच, फक्त जागा बदलली.

दुसरी गोष्ट सापडायला वेळ लागला. दर शनिवारी मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेते. बॅकअप सुरू झाला की नेट मान टाकायचं. आधी वाटलं मशीन थकतंय. मग लक्षात आलं की डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये आहे आणि डोंगल तिच्या शेजारच्या पोर्टात. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विजेचा गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपणच काढलं होतं. डोंगल एक्सटेन्शनवर लांब नेल्यावर बॅकअप चालू असतानाही नेट टिकू लागलं. मात्र स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की तेवढी दोन मिनिटं सगळं थांबायचंच. तोही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि माझ्या भिंतीला लागून आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. मला ५ गिगाहर्ट्झवर जायचं होतं.

एका गुरुवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, गेले. दुकानदार शहाणा निघाला. विकायच्या आधी म्हणाला, “ताई, कॅबिनेट उघडून आतला फोटो काढलाय का? छोटा स्लॉट मोकळा पाहिजे.” फोटो होता. त्याने बोटाने पीसीआय एक्सप्रेसचा आखूड स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायची खाच, दाखवला, शेजारी ग्राफिक कार्ड आडवं येत नाही ना ते पाहिलं, विंडोज १० ६४ बिट आहे ना विचारलं, आणि मग इंटेल एएक्स२०० चिप असलेलं वायफाय कार्ड काढलं. वायफाय ६, दोन्ही पट्टे, ब्लूटूथ, आणि लोहचुंबकाच्या बैठकीवरचे दोन अँटेना मीटरभर वायरीला. किंमत २,३०० रुपये.

ते विंडोजचं विचारणं महत्त्वाचं होतं. या चिपला विंडोज ७ चे ड्रायव्हर नाहीत, ३२ बिटचेही नाहीत. आणखी एक खाचखळगा: एएक्स२०० किंवा एएक्स२१० जुन्या मशीनवर चालतात, पण एएक्स२०१ आणि एएक्स२११ चालत नाहीत. नावात एका आकड्याचा फरक आहे, पण त्या दोन चिपा इंटेलच्या नव्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असलेल्या भागावर विसंबून असतात. ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून सुटी चिप मागवणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

कार्ड बसवायला वीस मिनिटं लागली. प्लग काढला, पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबून उरलीसुरली वीज काढून टाकली, उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवली. मागची पत्र्याची पट्टी एक स्क्रू काढल्यावर निघाली. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबायचं, तिरकं नाही. टक् असा आवाज येत नाही, सोनेरी पट्टी आत गेली की बसलं. एक वायर मात्र बरेच जण विसरतात. ब्लूटूथ स्लॉटमधून चालत नाही, त्यासाठी कार्डापासून मदरबोर्डच्या यूएसबी पिनांवर एक बारीक वायर द्यावी लागते. दहा पिनांच्या जागेत एक पिन मुद्दाम नसते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. माझ्या बोर्डवर अशा दोन जागा होत्या. एक पुढच्या पोर्टांनी घेतलेली, दुसरी धुळीखाली रिकामी.

मशीन चालू केलं. वायफायची यादी आली, पासवर्ड दिला, जोडलं गेलं. आणि एकही साइट उघडेना. ब्राउजर म्हणे तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात पाहिलं तर १ जानेवारी २०१३.

कार्डाचा काही दोष नव्हता. मदरबोर्डवरचा घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल कधीच संपलेला होता. प्लग भिंतीत असेपर्यंत मशीन बंद असतानाही थोडा पुरवठा चालू राहतो आणि घड्याळ चालतं, म्हणून इतकी वर्षं मला कळलं नाही. कार्ड बसवताना प्लग काढला आणि घड्याळ गेलं. तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउजरला अवैध वाटतात. तारीख हाताने दुरुस्त केली आणि सगळं चालू झालं. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांचा सेल आणला. दहा वर्षांपुढचं मशीन उघडणार असाल तर हा सेल आधीच आणून ठेवा. मी तो तासभर राउटर बंद-चालू करत बसले होते.

आता अँटेनाची जागा. या सगळ्या खटाटोपात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं हेच आहे. ५ गिगाहर्ट्झला वेग आहे आणि गर्दी कमी आहे, पण भिंतीपुढे ते लवकर थकतं. माझ्या खोलीत राउटरकडच्या बाजूलाच लोखंडी कपाट आहे, साड्यांनी आणि जुन्या अंकांनी भरलेलं. पहिल्या दिवशी अँटेना सवयीने टेबलामागे ठेवला: चाळीस. मग मी फोन हातात घेऊन खोलीभर फिरले आणि जागोजागी वेग मोजला. टेबलामागे फोनलाही तेवढाच, टेबलावर साठ, कपाटाच्या सावलीतून बाहेर, खिडकीजवळच्या पुस्तकांच्या फळीवर नव्वदच्या पुढे. कॉम्प्युटर सरकवता येत नाही, पण त्या मीटरभर वायरीने अँटेना फळीवर नेता आला. तिथे ९२ ते ९५ मिळतात, म्हणजे आमच्या प्लॅनचं जवळपास सगळं. कार्डच्या डब्यावर ३,००० लिहिलंय आणि माझ्या वायफाय ५ राउटरशी त्याची जोडणी ८६६ वर होते. दोन्ही आकड्यांशी माझ्या कामाचा संबंध नाही. चाळीसचे पंच्याण्णव झाले ते फळीमुळे. काहीही विकत घ्यायच्या आधी आपल्या खोलीत फोन घेऊन असं एकदा फिरा, फुकट आहे.

आठ महिन्यांत काय झालं? दिवाळी अंकाच्या दिवसांत वागळे इस्टेटमधल्या छापखान्याला तीनशे एमबीच्या पीडीएफ रोज पाठवल्या. डोंगलवर संध्याकाळी एकेकीला दहा मिनिटं जायची, आता अर्धा मिनिट. मधेच तुटून पुन्हा पहिल्यापासून पाठवायची वेळ एकदाही आली नाही. मायक्रोवेव्ह लागला तरी काही होत नाही. ब्लूटूथवर हेडफोन लावून मी मुद्रितं ऐकते, म्हणजे लेखक आवाजात पाठवतात त्या दुरुस्त्या, आणि हात कीबोर्डवर मोकळे राहतात. हे मी कार्ड घेताना मनात धरलंही नव्हतं, आज त्याशिवाय चालणार नाही.

कुरकुरी आहेत. सुरुवातीला मशीन कधीकधी आपणहून २.४ वर उतरायचं आणि मला वेग पडल्यावर कळायचं. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली, कॉम्प्युटरला फक्त ५ चं नाव माहीत ठेवलं, तेव्हा हे थांबलं. अँटेनाची बैठक हलकी आहे, लाकडी फळीवर चुंबकाचा उपयोग नाही, मांजर गेलं की पडते. मी खाली जुन्या बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठेवलंय, त्याला चिकटून राहते. लाइट गेली तर कॉम्प्युटर यूपीएसवर तगतो पण राउटर बंद होतो; वायर होती तेव्हाही हेच होतं, म्हणून राउटरलाही छोटा यूपीएस घेतला.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार (नेहमीचे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. ती काळजी वेगळी आहे, पण कार्ड वाया जाणार का, एवढं तरी मला पाहायचं होतं. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट चालवून पाहिलं. काहीही न टाकता वायफाय लागलं.

सगळ्यांनी कार्डच घ्यावं असं मी म्हणणार नाही. स्लॉट मोकळा नसेल, कॅबिनेट उघडायची भीती वाटत असेल, तर दोन्ही पट्ट्यांवर चालणारं, लांब अँटेनाचं यूएसबी डोंगल घ्या आणि ते एक्सटेन्शन वायरीवर उंच ठेवा. ऐरोलीच्या माझ्या भाचीने तसंच केलंय, तिच्या छोट्या घराला ते पुरतं. नखाएवढं डोंगल मात्र ईमेल आणि वीजबिलापलीकडे कशाला घेऊ नका. आणि वायर नीट भिंतीकडेने नेता येत असेल तर वायरच न्या. व्हिडिओ कॉलवर तिचा स्थिरपणा अजून मला या कार्डात दिसत नाही. दहा कॉलांत एखादा क्षणभर अडखळतो.

म्हणूनच ती निळी वायर मी टाकलेली नाही. गुंडाळी करून कपाटावर आहे. वर्षाच्या बॅकअपला घरातलं एवढं सगळं एकदम नेटवर चढवायचं असतं, तेव्हा रात्री सासूबाई झोपल्यावर अंथरते आणि पहाटे त्या उठायच्या आत गुंडाळते. पायपुसणं आता दारात नुसतं पायपुसणं आहे.